कच्च्या मुळाच्या दाताचा तुलनात्मक तक्ता

सरकारी दंत रुग्णालयाच्या बालविभागात आठ वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून आली. जिन्यावरून पडून तिच्या वरच्या पुढच्या दाताची नस मेली होती. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. दात नवाच होता. मूळ अजून पुरते तयार झाले नव्हते, टोक नरसाळ्यासारखे उघडे होते.

"नेहमीचं भरलं तर टोकातून बाहेर जाईल," त्यांनी आईला समजावले. "जुनी पेस्ट महिनोन्‌महिने बदलत बसावी लागते. नवं सिमेंट दोन फेऱ्यांत मुळाचं तोंड बंद करतं. तेच मागवते."

भांडारपालाने मागणी परत पाठवली. सोबत तुलनात्मक तक्ता नव्हता. शिवाय प्रश्न विचाराधीन असल्याने निर्णय होईपर्यंत दोन्ही साहित्ये वापरण्यास मनाई झाली.

बाईंनी एक रविवार घालवून दोन रकान्यांचा तक्ता केला. साहित्य निवड समितीने तो वाखाणला आणि फेटाळला.

"हे आकडे परक्या दातांचे," अध्यक्ष म्हणाले. "सदर रुग्णाचं काय? या दातात सिमेंट भरा, शेजारच्या दातात पेस्ट. मग बघू."

"शेजारचा दात चांगला आहे, सर."

"मग तर निष्कर्ष आणखी विश्वासार्ह येतील."

बाईंनी नकार दिला. तो 'असहकार' म्हणून नोंदला गेला. समितीने मोठ्या मनाने तडजोड सुचवली: त्याच वयाची, तोच दात दुखावलेली, तेवढ्याच पायऱ्यांवरून पडलेली दुसरी मुलगी शोधावी. सूचनाफलकावर आवाहन लागले. कोणी पडेना.

तोवर दातात तात्पुरते औषध कोंबले होते. ते वरचेवर निघून येई. मुलगी हसताना ओठांवर हात धरू लागली. सातव्या महिन्यात हिरडी सुजली आणि बाईंना तो दात काढावा लागला.

मुलगी रडली नाही. "आता परत यायचं नाही ना?" एवढेच तिने विचारले. बाई हातमोजे काढत राहिल्या.

आठवड्याने समितीचा अहवाल आला. तक्त्यात तिसरा रकाना वाढला होता: 'काहीही न भरणे'. वेदना निरंक, पुनर्भेट निरंक, तक्रार निरंक. सबब तिसरा पर्याय सर्वोत्कृष्ट. फक्त पालकांचा समाधानाचा अभिप्राय बाकी होता. त्यासाठी आईला बोलावणे गेले.

"सही करू नका," कार्यालयाच्या खिडकीपाशी बाई हलकेच म्हणाल्या.

आईने पेन खाली ठेवला. "मला अध्यक्षांना भेटायचंय," ती खिडकीमागच्या कारकुनाला म्हणाली.

कारकून थोडा घाबरल्यासारखा दिसला. तेवढ्यात मागे रांगेत कोणीतरी खाकरले. कोणी घड्याळ पाहिले.

"अहो ताई, करून टाका की सही," मागून आवाज आला. "आम्हालाही कामं आहेत."

आईने वळून रांगेकडे पाहिले, मग बाईंकडे. आणि सही केली.

रांग एक पाऊल पुढे सरकली. तुम्हीही सरकलात.