जगन्नाथरावांचा पंचनामा

विम्याच्या कामात जगन्नाथरावांचा हात धरणारा माणूस तीर्थपुरीत अजून जन्मायचा होता. हे मत अर्थात जगन्नाथरावांचंच होतं, पण गावाचीही त्याला हरकत नव्हती! अंकुशनगरला कारखान्याच्या ऑफिसात अडतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले, तीर्थपुरीत घर बांधून राहिले, आणि तेव्हापासून अर्ध्या गावाचे पीकविम्याचे अर्ज त्यांच्या ओट्यावर भरले जाऊ लागले. फी म्हणजे एक कप चहा, आणि तोही त्यांच्याच घरचा! सल्ला तर अर्जासोबत फुकटच.

"पाहणीला माणूस आला की नरमाईनं बोलायचं न्हाई," ते बोट नाचवत बजावायचे. "साठ टक्के गेलं म्हणलात की तो तीस लिहितो. तीस म्हणलात की पेनच काढत न्हाई. मंग आपण काय म्हणायचं?"

"शंभर टक्के!" ओटा एका सुरात गर्जायचा.

"आन् शेजाऱ्यानं काय करायचं?"

"साक्ष द्यायची!"

शेजारचा साहेबराव या वर्गातला पहिल्या नंबरचा विद्यार्थी. त्याचं एक रोपही वाकलेलं नसताना पंचनाम्याच्या वेळी त्यानं असा गळा काढला होता, की पाहणीला आलेल्या माणसानंच त्याला पाणी आणून दिलं!

तर असा हा विम्यातला वस्ताद. आणि आता पाळी त्याच्या स्वतःच्या विम्याची आली.

झालं असं, की लेक कल्याणी कॅनडात. जावई अपूर्वची नोकरी पाळ्यांची. कधी दिवसाची, कधी रात्रीची. कल्याणीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला इतक्या लांबच्या विमानप्रवासाला बंदी केलेली. एका सकाळी व्हिडिओवर ती सगळं हसत हसत सांगत होती, आणि मधेच तिचा आवाज बारीक झाला. "आई, मला इथं एकटीला भीती वाटती गं."

रजनीताईंनी पदर डोळ्याला लावला. जगन्नाथरावांनी मात्र मांडीवर थाप मारली. "लेक माहेरी येऊ शकत न्हाई ना? मंग आपण माहेर उचलून तिकडं न्यायचं! रांगत जावं लागलं तरी बेहत्तर!"

"बाबा, रांगत येऊ नका, पण एक काम करा," कल्याणी म्हणाली. "लांब मुक्कामाच्या व्हिसाला वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. त्याच्याशिवाय अर्जच घेत न्हाईत. इथं बाहेरून आलेल्या माणसाला साधा ताप आला तरी दवाखान्याचा खर्च ऐकून दुसरा ताप येतो. मी इथून एखादा एजंट बघू का?"

"एजंट? मला?" जगन्नाथरावांच्या आवाजात अडतीस वर्षांची कारकुनी जागी झाली. "आठ दिवसांत पॉलिसी तुझ्या हातात! माझ्या डाव्या हातचा मळ हाय तो!"

आणि खरं सांगायचं तर काळजीचं कारणही नव्हतं. वय सहासष्ट, पण प्रकृती ठणठणीत! ना साखर, ना बीपी. आयुष्यात गोळी खाल्ली ती फक्त लिमलेटची. रजनीताईही तशाच काटक.

रजनीताईंनी एकच अट घातली होती. "अहो, तिला सातवा सरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं न्हाई. दृष्ट लागती. आन् तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई!"

हे शेवटचं वाक्य जगन्नाथरावांना फार लागलं. त्यांनी ओठ शिवून घेतले. ना कल्याणीचा विषय, ना कॅनडाचा. ओट्यावर कुणी विचारलंच तर एवढंच म्हणायचे, "माझं जरा विम्याचं काम चालू हाय. कंपनीचा माणूस येणार हाय पाहणीला."

माशी शिंकली, ती इथंच!

कंपनीनं फोनवर चाळीस प्रश्न विचारले. जगन्नाथरावांनी चाळीसांनाही खणखणीत 'नाही' म्हणून उत्तर दिलं. इतका निरोगी म्हातारा कंपनीला पचला नसावा. "आमचा प्रतिनिधी घरी येऊन खात्री करेल, शेजाऱ्यांशीही बोलेल," असा निरोप आला. कधी येईल ते मात्र सांगितलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट आणायला नवरा-बायको अंबडला गेले होते, नेमका त्याच दिवशी फोन वाजला. "काका, मी अर्पित बोलतोय, विमा कंपनीतून. शहागडपर्यंत आलोय. अर्ध्या तासात तुमच्या घरी पोचतो."

"या, या! बिलकुल या! आम्ही रस्त्यातच हाओत."

रस्त्यातच होते, पण रस्ता हलत नव्हता! ऊसतोडीचे दिवस. पुढं ट्रॅक्टरची एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झालेली, ऊस सगळा डांबरावर, आणि बसमधली निम्मी माणसं खाली उतरून कांडी सोलत बसलेली. जगन्नाथरावांनी घड्याळ पाहिलं. बस काही तासभर निघत नाही! त्यांनी साहेबरावाला फोन लावला.

"साहेबराव, विम्याचा माणूस आपल्या घरी येऊन राह्यला. किल्ली तुझ्याजवळ हायेच. त्याला बसव, चहा पाज. मी येईपर्यंत जाऊ देऊ नको. आन् काही विचारलं तर बराबर सांग."

"काका, तुम्ही फिकीरच करू नका!" साहेबरावाचा आवाज कर्तव्यानं भरून आला होता. "तुम्हीच शिकवलंय आमाला. सगळी आळी उभी करतो साक्षीला!"

"शाब्बास!" म्हणून जगन्नाथरावांनी फोन ठेवला आणि रजनीताईंना म्हणाले, "शेजारी असावा तर असा."

दीड तासानं बस तीर्थपुरीला लागली. जगन्नाथराव जवळजवळ पळतच घराकडं निघाले. लांबूनच त्यांना दिसलं, अंगणात ही गर्दी! आपल्याच घरी कोण गेलं?

अंगणात बाज टाकलेली होती. बाजेवर गोधडी, उशाशी तांब्या. बाजेला टेकवून जगन्नाथरावांच्या कैलासवासी वडिलांची काठी, आणि खाली त्याच कैलासवासींचं शौचाचं भांडं! माळ्यावरून हे उतरवायचं कुणाला सुचलं, हे विचारायची गरज नव्हती. मधोमध खुर्चीत टॅब घेऊन एक गोरा, चष्मेवाला तरुण बसलेला. तोच अर्पित. त्याच्या पुढं साहेबराव हात जोडून उभा.

"साहेब, काकाचं आता काय राह्यलं न्हाई. वरून हिरवं दिसतं, पण आतून समदं गेलंय!"

"गेलं म्हणजे? नेमका काय त्रास आहे?" अर्पितनं विचारलं.

"एक असंल तर सांगू! साखर हाय, बीपी हाय, दमा हाय. तुमच्या यादीत आजून काय हाय? हां, ते बी हाय!"

म्हाताऱ्या गिरिजाबाई पुढं सरसावल्या. "रात रात खोकतंय हो लेकरू. आमचा डोळा लागत न्हाई." आणि त्यांना खरंच रडू फुटलं. गिरिजाबाईंना रडायला कारण लागत नसे, निमित्त पुरे व्हायचं.

"अंदाजे किती दिवसांपासून?"

"दिवस सोडा, टक्के लिहा," साहेबराव म्हणाला. "शंभर टक्के! त्याच्या खाली आमी सही करणार न्हाई. हे घ्या आधार, हे बँकेचं पासबुक, आन् हा सातबारा."

जगन्नाथरावांच्या डोळ्यांसमोर कल्याणीचा चेहरा आला, कानात तो बारीक झालेला आवाज आला. ते गर्दी फोडून आत घुसले. "थांबा! काही लिहू नका! मी जगन्नाथ! मला काहीही झालेलं न्हाई!"

अर्पितनं मान वर केली. साहेबराव चपळाईनं जगन्नाथरावांच्या कानाशी आला. "काका, लंगडा की जरा! साहेब बघून राह्यला!"

"अरे कशाला लंगडू? मी ठणठणीत हाय!"

साहेबराव अर्पितकडं वळला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "बघा साहेब. मानी माणूस हाय. मरंल, पण दुखणं सांगणार न्हाई!"

"खरंय, खरंय!" गर्दीनं माना हलवल्या. गिरिजाबाईंनी नवा हुंदका दिला.

"मला दमा न्हाई!" जगन्नाथराव ओरडले. पण पळत आल्यामुळं त्यांना धाप लागली होती, आणि हे वाक्य तीन तुकड्यांत बाहेर पडलं! अर्पितनं टॅबवर काहीतरी टिपलं.

आता मात्र जगन्नाथराव पेटले. एकदा ठरवलं की मागं हटायचं नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. त्यांनी शर्ट काढून बाजेवर फेकला. "बघा साहेब! डोळ्यानं बघा! बारा सूर्यनमस्कार घालतो, जोरात!"

"अहो, नको!" रजनीताई आता कुठं दारात पोचत होत्या.

पण पहिला निघाला, दुसरा निघाला. अंगण मोजू लागलं. पाचव्याला अर्पितच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. सातव्याला तो चक्क उठून उभा राहिला. शेवटचा सूर्यनमस्कार वीस वर्षांपूर्वी घातला होता, हे जगन्नाथरावांना आठव्याला आठवलं. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. "आई गं!" आणि ते जमिनीवर पालथे पडले ते पडलेच.

"काढा फोटो!" साहेबराव आनंदानं किंचाळला. "साहेब, जल्दी काढा! बाज बी येऊ द्या फोटोत! आन् ते भांडं!"

"गप्प बसा रे मेल्यांनो!"

हा आवाज रजनीताईंचा होता. तीर्थपुरीनं तो आजवर एवढा मोठा ऐकलेला नव्हता.

"हा विमा पिकाचा न्हाई, परदेशी जायचा हाय!" रजनीताई म्हणाल्या. "ह्यात दुखणं दाखवलं की विमा मिळत न्हाई, आन् विमा न्हाई तर व्हिसा न्हाई! माझी कल्याणी तिकडं एकटी हाय. तिला सातवा सरायला चार दिवस राह्यलेत. पहिलटकरीण हाय माझं लेकरू. तिच्या उशाशी कोण बसणार? तुम्ही बसणार?"

चार दिवस आधीच गुपित फुटलं होतं, आणि फोडलं होतं ते स्वतः त्यांनीच. जमिनीवर पालथं पडलेल्या जगन्नाथरावांना त्या अवस्थेतही याचं थोडं समाधान वाटलं.

साहेबरावाचं तोंड उतरलं. क्षणभरच. मग त्यानं पायानं हळूच ते भांडं बाजेखाली सरकवलं आणि खाकरला. "साहेब, मघाचं समदं खोडा. काका म्हणजे निस्ता बैल हाय, बैल! काल दोन पोती एकट्यानं उचलली. हो ना हो गिरिजाबाई?"

"कंदी खोकल्यालं मी तर ऐकलं न्हाई," गिरिजाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि हे जमिनीवर?" अर्पितनं विचारलं.

"हे? हे शवासन!"

अर्पित आता पोट धरून हसायला लागला. चष्मा काढून त्यानं डोळे पुसले आणि जगन्नाथरावांजवळ उकिडवा बसला. "काका, आम्ही जालन्याचे मारवाडी, पण ही नोकरी लागायच्या आधी दोन हंगाम मी पीकविम्याच्या पाहणीलाच फिरत होतो. ह्याच भागात! शंभर टक्के गेलं म्हणून सांगितलेल्या रानात मी स्वतः कणसं भाजून खाल्लीत. इथं शंभर टक्के म्हणलं की समजायचं, माल बराबर हाय! तुमचे रिपोर्ट चांगले असले तर मी अडवणारा कोण?"

रजनीताईंनी रिपोर्ट पुढं केले. त्यानं एकेक पान नीट पाहिलं. सगळं खरोखर ठणठणीत होतं. "पण काका," उठता उठता तो म्हणाला, "जे मी माझ्या डोळ्यानं बघितलं, ते मला लिहावंच लागतं."

आठव्या दिवशी पॉलिसी आली! जगन्नाथरावांचा शब्द खरा झाला. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, सगळं अंग विम्यात बसलं होतं. खाली एक ओळ होती: कंबर वगळून.

व्हिसाही झाला. निघताना सगळी आळी एसटी स्टँडवर आली. गिरिजाबाई रडल्या. साहेबरावानं डिंकाच्या लाडवांचे दोन डबे आणले, आणि ते ज्या बॅगेत गेले ती कॅनडाच्या विमानतळावर पट्ट्यावरून उचलताना जगन्नाथरावांच्या कमरेत पुन्हा कट्कन वाजलं.

माघात कल्याणीला मुलगी झाली. रजनीताई उशाशीच होत्या. एका खोलीत दोन पलंग लागले, एकावर बाळंतीण आणि दुसऱ्यावर बाळंतिणीचा बाप. शेक, मालिश आणि लाडू दोघांनाही सारखेच! बाहेर गुडघाभर बर्फ, आत ओव्याचा वास. तिथल्या डॉक्टरकडं जायची सोय नव्हती, कारण नेमकं तेवढंच अंग स्वतःच्या खर्चावर होतं.

एक दिवस व्हिडिओवर साहेबराव आला. मागं सगळा ओटा दाटीवाटीनं बसलेला. नात बघून झाली, आशीर्वाद देऊन झाले. मग त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "काका, काकू म्हणत होत्या कंबर धरलीय म्हणून. विमावाला आला तर आमाला फोन लावा. इथून साक्ष देतो. किती टक्के सांगायचं?"

जगन्नाथरावांनी कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. "शंभर टक्के," ते कण्हले. "पण साहेबराव, ह्या खेपेला खरंच हाय रे!"

साहेबरावानं ओट्याकडं बघून डोळा मारला.

"वा काका! अस्संच बोलायचं!"