टेंबेकाका ट्रॅक्टर बघतात

ट्रॅक्टर बघायला जाताना सूट घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टेंबेकाका. करडा सूट, निळा टाय, वरच्या खिशात रुमालाची घडी आणि काखेत फाइल. शनिवारची सकाळ होती, मी शॉर्ट्सवर गाडी काढायला बाहेर आलो होतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अमोल, असा येणार तू? पहिल्यांदा भेटतोय आपण."

"कुणाला काका? ट्रॅक्टरला?"

"तसं नसतं रे," काका म्हणाले, आणि मी मुकाट्याने आत जाऊन पँट घालून आलो.

"तसं नसतं रे" हे काकांचं कुठल्याही गोष्टीवरचं उत्तर. पेट्रोल महागलं म्हणा, उद्या मंगळवार आहे म्हणा, काका मान हलवून म्हणणार, तसं नसतं रे. मग कसं असतं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बारा वर्षं शेजारी राहून मी विचारायचंही सोडून दिलंय.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतली आमची गल्ली पुढे बंद होते. अकरा घरं आहेत. काका तिथे चाळीस वर्षांपासून राहतात. मूळचे मिरजेचे, वूस्टरच्या एका कारखान्यात बेअरिंगची डिझाइन्स करून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, तब्येत खणखणीत, ऐकू जरा कमी येतं पण तेही सोयीनुसार. काकू दर सप्टेंबरात दक्षिणेला कॅरीत लेकीकडे जातात, तिथे जुळे नातू आहेत. काका मात्र हिवाळाभर इथेच थांबतात. का, तर बर्फ पडतो म्हणून. आमच्या ओळखीची सगळी निवृत्त मंडळी बर्फ नको म्हणून दक्षिणेला पळतात. बर्फासाठी मागे राहणारे काका एकटेच.

याचं कारण त्यांचा लाल ट्रॅक्टर. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायचं पातं असे आणि हिवाळ्यात तोंडाला बर्फ उडवायचं यंत्र. बर्फ पडला की काका सकाळी सहाला ट्रॅक्टर बाहेर काढायचे आणि अकराच्या अकरा ड्राइव्हवे साफ करायचे. म्युनिसिपालिटीचा बर्फ लोटणारा ट्रक, म्हणजे प्लाव, रस्ता साफ करता करता प्रत्येकाच्या दाराशी बर्फाचा कमरेएवढा बांध घालून जातो. तो बांध काका असा काही फोडायचे की बघत राहावं. मी खिडकीतून कॉफी पीत बघत राहायचो. बारा वर्षांत मी फावड्याला हात लावलेला नाही, हे लाजत का होईना पण सांगून टाकतो. काकांना हौस आहे, आपण कशाला मध्ये पडा, असा माझा उदात्त विचार.

या ऑगस्टमध्ये अर्धं गवत कापून झाल्यावर लाल ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सने राम म्हटला. त्याला लागणारा भाग आता कुठेच बनत नव्हता. काकूंनी कॅरीला निघताना माझ्या आणि माझ्या बायकोच्या, नीताच्या देखत निकाल दिला. "दिवाळीच्या आत दुसरा ट्रॅक्टर घरात आला पाहिजे. नाहीतर हे घर विकायचं आणि तुम्ही माझ्याबरोबर कॅरीला. तिथे गवत सोसायटीची असोसिएशन कापते आणि बर्फ पडतच नाही."

काका फक्त तसं नसतं गं म्हणाले, पण चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. काकांनी लेकीसाठी ज्या पद्धतीने स्थळं पाहिली होती, त्याच पद्धतीने ट्रॅक्टर पाहायला घेतले. फाइल खरं तर तीच, फक्त आतले कागद बदलले. प्रत्येक ट्रॅक्टरचा बायोडेटा केलेला. जन्मसाल, वजन, रंग, घराणं, म्हणजे कंपनी. कंपनीची दुसरी शाखा कुठे, आधी कुणाशी भागीदारी होती, ती का मोडली. शेवटी "अपेक्षा" असा रकाना. त्यात कुठे "रोज तेल बघणे", कुठे "छपराखाली राहण्याची सवय" असं लिहिलेलं.

आणि मग नकार. एकाचं सीट उंच, "आल्या आल्या डोक्यावर बसेल." एकाला कपहोल्डर होता, "कामाला जायचंय का पिकनिकला?" जागच्या जागी गर्रकन वळणारा नवीन प्रकार मी दाखवला, तर म्हणाले, "उन्हाळ्यात ठीक आहे. बर्फात हा भोवऱ्यासारखा फिरत बसेल." हे मात्र खरं निघालं. मग मी बॅटरीवरचा दाखवला. काकांनी तो चालवला, उतरले, आणि बराच वेळ त्याच्याकडे दयेने बघत राहिले.

"आवाजच नाही रे याला."

"तेच तर चांगलं ना काका! सकाळी सहाला लोकांची झोप..."

"आवाज नको का व्हायला? लोकांना कळणार कसं, कोणी आलंय म्हणून?"

मला यातलं काही कळलं नाही. मी हिशेबी माणूस. मी त्यांना शांतपणे समजावलं की तुमचा ड्राइव्हवे चाळीस फूट, हिरवळ दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी. हाताने ढकलायचं एक छोटं बर्फयंत्र घ्या, विषय संपला. काका माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी, म्हणजे त्या शनिवारी, सूट घालून दारात उभे राहिले. वूस्टरच्या बाहेर एका डीलरकडे एक हिरवा ट्रॅक्टर होता. नीतालाही बरोबर घेतलं, बाईमाणसाची नजर असावी म्हणून. डीलरकडचा विक्रेता रॉन नावाचा, साठीचा, पोट सुटलेला, भला माणूस. त्याने कॉफी आणून दिली. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माणसं रीतीची आहेत, असा त्याचा अर्थ.

मग काकांनी हिरव्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. टायर दाबले. बॉनेटवर हात ठेवला. रॉनला म्हणाले, "प्लीज, लेट इट वॉक." रॉनने तो चालवून दाखवला, पुढे आणला, मागे नेला. नीता माझ्या कानात म्हणाली, "आता गायला सांगतील." सांगितलंच! "नाऊ फुल व्हॉइस." रॉनने इंजिन पूर्ण ताणलं. काका डोळे मिटून ऐकत होते. आवाज त्यांना आवडला, मी चेहऱ्यावरून ओळखलं.

"अँड द फॅमिली?" काकांनी विचारलं. त्यांना कंपनीचा इतिहास हवा होता. रॉनने आपल्या दोन मुलींची, एका घटस्फोटाची आणि आईच्या गुडघ्याची माहिती दिली. काकांनी तीही फाइलमध्ये टिपून घेतली.

निघताना काका खूप अदबीने म्हणाले, "वी विल गो होम अँड लेट यू नो."

आता आपल्याकडे "घरी जाऊन कळवतो" म्हटलं की पलीकडच्याने काय समजायचं ते समजतो, आणि पोह्यांच्या बशा उचलायला लागतो. रॉनला कोण सांगणार? त्याने हिरव्याच्या हँडलला काकांच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि वाट बघत बसला. संपर्कासाठी काकांनी माझा नंबर दिला होता. दर सोमवारी रॉनचा फोन. "युवर अंकल सेड ही विल लेट मी नो." दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, म्हणाला. ओल्ड स्कूल माणूस आहे, असा माणूस शब्दाचा पक्का असतो, म्हणाला. मी मीटिंगमध्ये असायचो, आणि ट्रॅक्टरच्या वधुपित्याची समजूत काढायचो.

"काका, तुम्हाला पसंत आहे ना? मग अडलंय कुठे?"

"पसंत आहे रे. पण आता मुहूर्त कुठायत? तुळशीचं लग्न लागल्याशिवाय काही ठरवायचं नसतं."

अशी त्यांनी काकूंकडून दिवाळीनंतरही मुदतवाढ मिळवली. फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, "तुळशीचं लग्न, त्यापुढे एक दिवस नाही."

दरम्यान गल्लीत एक गोष्ट घडली, आणि तिच्यात मीही होतो. ट्रॅक्टर बंद पडल्याचं सगळ्यांना दिसत होतं. काकांचं वय दिसत होतं. त्यांना या वयात कशाला त्रास, म्हणून गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराचं नाव टाकलं, आणि एकेकाने हो म्हटलं. मीही म्हटलं. त्यात उपकाराचीच भावना होती, अगदी प्रामाणिकपणे सांगतो. काका त्या ग्रुपवर नाहीत, कारण त्यांच्या मते गल्लीतल्या माणसांशी बोलायला फोन कशाला लागतो.

नोव्हेंबरात कंत्राटदाराची माणसं आली आणि ड्राइव्हवेच्या कडा बर्फाखालीही कळाव्यात म्हणून नारिंगी काठ्या रोवून गेली. दहा घरांसमोर काठ्या. एका घरासमोर नाहीत.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी काका आमच्याकडे आले. सूट नव्हता, टाय नव्हता. जुना स्वेटर. फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडे. कुणाला लागली तर दे. मी कॅरीला जातोय."

"अहो पण हिरवा? रॉन वाट बघतोय!"

"माझ्या चाळीस फुटांना ट्रॅक्टर कशाला लागतो? तूच म्हणालास ना. फावडं पुरतं." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "दहा घरांपुढे मोजल्या मी काठ्या. बरं केलंत तुम्ही सगळ्यांनी. बर्फ काढायला गेलं की ती समोरची नर्स बाहेर यायची, दोन मिनिटं बोलायची. तो कोपऱ्यावरचा डॅन पोरांचं सांगायचा. एरवी कोण भेटतं रे इथे? उन्हाळ्यात गवत कापताना कुणी थांबत नाही. बर्फात थांबतात. अडकलेले असतात ना."

बारा वर्षं हा माणूस माझ्या दारात यायचा आणि मी खिडकीतून हात हलवायचो, तेही कॉफीचा कप न ठेवता. मला स्वतःची शरम वाटली. मी उठलो, चपला घातल्या, बाहेर गेलो आणि आमच्या समोरच्या सहाही काठ्या उपटून गॅरेजमध्ये फेकल्या.

"चुकून लावल्या काका. मी कॅन्सल केलं होतं, त्यांनी ऐकलं नाही."

"खोटं बोलतोस," माझ्यामागून बाहेर आलेले काका म्हणाले. पण घरी गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

आतून नीताने काकूंना फोन लावला होता. काकू म्हणाल्या, "इथे यायचं म्हणतात? अगं, हे इथे आले ना, की पहिल्या दिवशी जावयाचं गॅरेज आवरतात. दुसऱ्या दिवशी नातवंडांच्या सायकली दुरुस्त. तिसऱ्या दिवसापासून खिडकीशी बसून राहतात. मला बघवत नाही. ट्रॅक्टर घ्यायला लाव त्यांना. मुदत काय मी हौसेने घातली होती? धाक असल्याशिवाय यांचं काही ठरत नाही."

मग मी कंत्राटदाराला फोन केला. पूर्ण हिवाळा येऊ नका, हे त्याला समजावायला बराच वेळ लागला. नीता समोरच्या नर्सकडे जाऊन आली, तिनेही काठ्या काढल्या. डॅनला म्हटलं, तोही तयार झाला. बाकीच्यांना विचारलं, पण त्यांचं त्यांचं ठरलं होतं, आग्रह तरी किती करणार? संध्याकाळी आम्ही रॉनकडे गेलो. तो दुकान बंद करत होता. काकांना बघून त्याने दोन्ही हात वर केले. "ही लेट मी नो!" काकांनी हिरव्याला कुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि रॉनला पेढा दिला.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी सहाला गल्लीत इंजिनाचा तो भरदार आवाज घुमला. नर्स बाहेर आली, दोन मिनिटं बोलली आणि ड्यूटीवर गेली. डॅनकडचंही उरकलं. आमचा ड्राइव्हवे काकांनी डांबर दिसेपर्यंत साफ केला, बांध फोडला, आणि मी या वेळी कोट चढवून खाली जाऊन दहा मिनिटं त्यांच्याशी बोललो. कंत्राटदाराचा ट्रक बाकीच्या घरांपुढून खडखडत निघून गेला. पूर्वी या कामाला तीन तास लागायचे. आता पाऊण तासात सगळं संपलं होतं.

मी वर आलो. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. बघतो तर काका गल्लीच्या टोकाला जाऊन, वळून, पुन्हा आमच्याकडे येत होते. आमच्या ड्राइव्हवेवर बर्फाचा कण नव्हता. तरी त्यांनी यंत्र खाली केलं, कडेकडेने एक फेरी मारली, वर बघितलं, आणि हळूहळू डॅनच्या घराकडे निघाले. तिथेही काही उरलं नव्हतं.

नीता माझ्याकडे बघत होती. मी गॅरेजमध्ये गेलो. कोपऱ्यात फावडं होतं, त्याच्यावरचं दुकानाचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं. काकांची पाठ होती तेवढ्यात मी बाजूच्या हिरवळीवरचा बर्फ भराभर उपसायला लागलो आणि आमच्या स्वच्छ ड्राइव्हवेवर टाकायला लागलो.