बर्फात चालणारा टँकर

वाहनाची निवड ही गंभीर बाब असते; म्हणूनच ती तहानलेल्या माणसांवर सोपवत नाहीत.

खैरेपाड्याचा हातपंप फेब्रुवारीतच आटला आणि पाड्याला पाण्याचा टँकर हवा झाला. त्यासाठी शहापुरात वाहन निवड समिती बसली. अध्यक्ष ज्ञानेश्वर भेरे अत्यंत सावध गृहस्थ. (घरचा पंखासुद्धा ते वायर तपासून लावत.) नियमावलीत डोंगराळ भागासाठी स्वतंत्र प्रकरण होते आणि खैरेपाडा डोंगरात आहे, याबद्दल दुमत नव्हते. तेव्हा टँकरला बर्फाचे टायर हवेत, हे ओघानेच आले. खोल खाचांचे, कडाक्याच्या थंडीतही मऊ राहणारे.

टायर हिमाचलातून निघाले आणि एप्रिलअखेर पोचले. सावलीत बेचाळीस अंश होते. रबराच्या मऊपणाबद्दल कोणालाच शंका उरली नाही. पण चाचणी बर्फावरच व्हायला हवी होती. तोवर भेरेसाहेबांनी सही राखून ठेवली.

"साहेब, करा नं सही. टँकर भरून उभा हाय," पाड्यावरची सकुबाई म्हणाली. बायकांच्या वतीने तीच बोलायची.

"बाई, उद्या घाटात बर्फ पडला, टँकर घसरला, तर जबाबदार कोण?"

"बर्फ पडला त मी सोता डोक्यावर आनीन तुमचा टँकर!"

आश्वासन तोंडी असल्याने ते ग्राह्य धरता आले नाही.

अखेर मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून, फोडून पाड्याच्या रस्त्यावर अंथरल्या. बोंबलाचा किंचित वास सोडला तर दृश्य थेट काश्मीरचे होते. ड्रायव्हर धर्माला स्वेटर घालायला लावला. त्याने गाडी सुरू करेपर्यंत बायका हंडे, पातेली घेऊन धावल्या. एकीने घाईत चाळण आणली. (बर्फ चाळणीतही राहतो. घर जवळ असावे लागते.)

"जने, चाकाखालचा ऱ्हायला गो!" सकुबाई ओरडली.

टँकर कोरड्या डांबरावरून झोकात गेला. समितीने शेरा मारला: 'पाड्याची बर्फ हटवण्याची क्षमता वाखाणण्याजोगी. चाचणी अपूर्ण.' भरलेला टँकर नियमानुसार भरलेलाच शहापूरला परतला.

"मंग उद्या परत?" सकुबाईने विचारले.

"परत. सहा टायर आहेत, एकेक तपासावा लागेल."

"सावकाश तपासा, साहेब. आमाला घाई नाय."

तेव्हापासून चाचणी रोज होते आणि पाड्यावर रोज वरण शिजते. (शाकाहारी मंडळी वासाकडे दुर्लक्ष करतात.)

पाड्यामागच्या टेकाडावर चढले की तानसा तलाव दिसतो. त्याचे पाणी मात्र कुठलीही चाचणी न देता रोज मुंबईला, म्हणजे आपल्याकडे, पोचते. पाइपला टायर नसतात. हे वाचताना हसून ठसका लागलाच, तर आपण घोटभर पाणी जरूर प्यावे. समितीची हरकत नाही.