शेवटचा नंबर बसण्णांचा

आमच्या पेठेच्या शर्यतीत पहिला कोण येणार यावर दर वर्षी पैजा लागत. शेवटचा कोण येणार यावर कुणी लावत नसे. ते ठरलेलंच होतं. बसण्णा येणार.

आणि नुसते शेवटचे नव्हे, हट्टानं शेवटचे. एका वर्षी एका कॉलेजकुमाराच्या पोटरीत गोळा आला आणि तो तलावाच्या कठड्यावर बसला. बसण्णा त्याच्या पुढं निघून गेले. वीसेक पावलांवर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या मागं माणूस आहे. ते परत फिरले, त्याची पोटरी चोळली, आणि तो लंगडत पुढं गेल्यावरच उठले. वर त्याला सुनावलंही, "जागा माजी हाय ती. तू कशाला बसलास तितं?"

बसण्णा पन्नाशीचे. कापडगिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. त्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळं त्यांचं साधं बोलणंही आरोळीसारखं असे. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या बोळात ऐकू जाई. पळताना अंगात गंजीफ्रॉक, खाली खाकी अर्धी विजार आणि डोक्यावर पांढरी टोपी. टोपी कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, "चार लोकांत जायचं तर बोडक्यानं कसं जायचं?"

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ही वर्षं. मी प्राथमिक शाळेत मास्तर. अक्षर बरं, म्हणून परत येणाऱ्यांची नावं वहीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली की पुढच्या रविवारी शर्यत. सकाळी सातचा गिरणीचा भोंगा झाला की मंडळी सुटत. बाळीवेशीतून निघायचं, तलावाला वळसा घालायचा, होटगी रस्त्यावरच्या मारुतीला शिवून परत यायचं. मारुतीपर्यंत गेल्याचा पुरावा म्हणजे कपाळाला त्याचा शेंदूर. शेंदूर नाही तर नंबर नाही.

इतरांच्या कपाळावर शेंदराचं एक बोट असे. बसण्णांच्या कपाळावर शेंदूर, कुणाच्या तरी सत्यनारायणाचं गंध, आणि गालावर कुठल्या बारशातली हळद. खिशात शेंगा. कारण हा माणूस पळता पळता दारोदार थांबे. एका दारात कानडीत "ऊट आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करायची, विणकरांच्या दारात तेलुगूत "बागुन्नारा?" म्हणून खुशाली विचारायची, आणि तिसऱ्या दारात मराठीत चहा प्यायचा.

"अहो बसण्णा, शर्यत आहे ना ही?" मी म्हणे.

"व्हय की. पन रस्ता कुटं पळून जातोय का?"

बाकीचे सगळे येऊन गेले की बसण्णा यायला दीड-दोन तास लागत. खरं सांगतो, वर्षातला तो वेळ मला फार आवडे. थंडीतलं ऊन हळूहळू ओट्यांवर चढत असे. गिरणीच्या धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याअभावी तिथंच रेंगाळत असे. कुठंतरी आत हातमागाचा ठक-ठक आवाज. कुणी घरी जात नसे. बायका तांदूळ निवडायची सुपं घेऊन बाहेर येत, म्हातारे बाजेवर पडून डोळे मिटत, मीही टेबलावर हनुवटी टेकून अर्धवट झोपेत असे. मग सायकलवरून कुणीतरी बातमी आणी, "तलावाजवळ हाईत. कुणाच्या म्हशीला औषध पाजाय लागलेत." पुन्हा सगळं शांत. आणि एकदम कोपऱ्यावर पांढरी टोपी दिसली की सगळी पेठ उठून ओरडे, "आले, बसण्णा आले!" बसण्णा नव्या नवरीसारखे लाजत.

पुढं मंडळाला नवे अध्यक्ष आले. पेशानं वकील, गळ्यात थांबघड्याळ. त्यांनी नियम केला: एका तासानंतर शर्यत संपते तिथली दोरी काढायची आणि वही मिटायची. त्यानंतर येणारा शर्यतीत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बसण्णा माझ्याकडं आले. अंगणात उकिडवे बसले आणि चक्क हळू आवाजात बोलले.

"मास्तर, तासानंतर तुमी तितं बसनार न्हाय व्हय?"

मला हसू आलं. "लवकर या की! तुमच्या अंगात दम काय कमी आहे?"

"दम हाय वो. पन पयल्या येणाऱ्याची कोन वाट बगतंय? लोकांचं ध्यान जायच्या आत त्यो येऊन हुबा. वाट बगत्यात ती शेवटच्याची." ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. "घरवाली जाऊन नऊ वर्सं झाली. मूलबाळ न्हाय. पाळी सपली की कुलूप मीच काढतो. उशीर का झाला म्हनून कोन इचारत न्हाय. वर्सातनं एक दिवस सगळी पेठ इचारती, बसण्णा अजून कसं आलं न्हाईत."

इतकी वर्षं मी या माणसाच्या गमती चवीनं सांगत आलो होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी अध्यक्षांकडं गेलो. त्यांनी मला घड्याळ दाखवलं.

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस मिनिटं झाली असतील, कोपऱ्यावर पांढरी टोपी दिसली. माझा विश्वास बसेना. बसण्णा अकरावे आले. कपाळावर फक्त शेंदूर. ओट्यावर अजून कुणी बसलंही नव्हतं, त्यामुळं कुणी ओरडलं नाही. अध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली, "बघा, शिस्त लावली की माणूस कसा सुधारतो!"

"का हो पळालात?" मी विचारलं.

"वहीत नाव न्हाय म्हनल्यावर आलोच न्हाय असं होतंय की." ते घाम पुसत उभे राहिले. तासाला दोरी निघाली, माणसं पांगली. बसण्णांनी वर उन्हाकडं पाहिलं. "आता दिवस लई उरला, मास्तर."

मला ते ऐकवेना. मी ठोकून दिलं, "आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. मी होतो पुढं. तुम्ही या, तुमच्या नेहमीच्या रस्त्यानं."

एवढं बोलून मी घराकडं पळालो. जन्मात कधी पळालो नव्हतो. धापा टाकत आईला सांगितलं, बसण्णा जेवायला येताहेत, ते आल्याशिवाय पानं घ्यायची नाहीत.

दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजून गेले. आई चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. एक वाजता बसण्णा आले. गालावर हळद होती, दोन्ही खिसे फुगलेले होते.

आई कमरेवर हात देऊन दारात उभी होती. नाटक तिला जमत नाही. तिला खरोखरच भूक लागली होती.

"काय ओ बसण्णा, ही काय यायची येळ झाली? सकाळधरनं वाट बगून डोळं दुकाय लागलं माजं! भाकरी गार झाली, आमटी दोनदा ऊन केली. माणसानं किती वाट बगायची?"

बसण्णांनी मान खाली घातली. टोपी काढून हातात धरली. मग टोपीनंच डोळे पुसले आणि गिरणीतल्या त्या खणखणीत आवाजात, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"चुकलं, अक्का! उद्यापासनं येळंवर येतो!"

आई माझ्याकडं बघायला लागली. मी पाट मांडायच्या निमित्तानं आत सटकलो.

दुसऱ्या दिवशी आईनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, थोडी थांबली, आणि आणखी दोन मुठी घातल्या.