दडससाहेबांच्या दोन किल्ल्या

कुणी कीबोर्डवर पासवर्ड टाकायला लागलं, की दडससाहेब उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. समोर प्राचार्य असोत नाहीतर शिपाई. आणि पासवर्ड मोठ्याने बोललात, तर तुमची धडगत नव्हती.

सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते संगणक कक्ष सांभाळत. मूळचे माण तालुक्यातले, फौजेत सिग्नलला वीस वर्षं काढलेले. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. तोवर आमच्याकडे पासवर्ड म्हणजे डब्यातलं लोणचं, हवा त्याने मागून घ्यावा. दडसांनी ते बंद केलं आणि एसएसएच नावाचं प्रकरण आमच्या डोक्यावर आणून बसवलं. प्रत्येकाने संगणकावर किल्ल्यांची जोडी बनवायची. एक खाजगी, ती आपल्याजवळ. दुसरी उघडी, ती त्यांच्या सर्व्हरवर. जोडी जुळली तरच सर्व्हर आत घेणार. "घरातली घरात, गावातली गावात," हे त्यांचं पालुपद. ती गावातली किल्ली शिपायाबरोबर फ्लॉपीत पाठवली, तर फ्लॉपी परत. ही तुमचीच कशावरून? स्वतः या, तोंड दाखवा. मी तिथे बारा वर्षं गणित शिकवतेय आणि हा माणूस मला ओळखपत्र मागतो! असा संताप यायचा.

मग आमच्या हेडक्लार्कनी अक्कल चालवली. सगळ्यांच्या खाजगी किल्ल्या कागदावर छापून घेतल्या, प्रत्येकीवर 'सत्यप्रत'चा शिक्का मारला आणि फाईल केली. कुणी रजेवर गेलं तर काम अडायला नको, म्हणे. आम्हीही मुकाट्याने दिल्या. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवतोच की आपण.

दडसांना कळलं. त्यांनी ऑफिसात जाऊन ती फाईल टराटरा फाडली आणि सर्व्हरवरून आमच्या सगळ्यांच्या किल्ल्या पुसून टाकल्या. त्या किल्ल्या बाटल्या, नव्या करा, म्हणाले. ऐन गुण भरायच्या आठवड्यात. माझं डोकं असं फिरलं, की मी त्यांना सगळ्यांदेखत हेकट, अडेलतट्टू, तोंडाला येईल ते बोलले.

फाईल फाडल्याबद्दल प्राचार्यांनी दडसांना नोटीस काढली. सोमवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर निलंबन. दडस ढिम्म हलेनात. शेवटी रविवारी सकाळी, त्यांना शिव्या घालत घालतच, मीच त्यांच्या नावाने माफीपत्र लिहिलं, खाली त्यांची सही ठोकली आणि प्राचार्यांच्या बंगल्यावर देऊन आले. या खुळ्याची नोकरी वाचावी, एवढंच मनात होतं. प्राचार्य म्हणाले, झालं, विषय संपला.

तेच सांगायला दडसांच्या खोलीवर गेले. एक खाट, एक स्टोव्ह, एक ट्रंक. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चहा टाकला आणि स्वतःच बोलायला लागले.

"मॅडम, तुमी चिडला ते बराबर हाय. पर ऐका. मी फौजेत असताना आई लय आजारी पडली. तसल्या अंगानं रोज फाट्यावर जाऊन बसायची, माझी वाट बघत. तिचा तरास वाचावा म्हणून भावानं माझ्या नावानं पत्र लिवलं आन् तिला वाचून दावलं. रजा न्हाई, यंदा येत न्हाई म्हणून. वाईट मनानं न्हाई केलं त्यानं, मायेनंच केलं. तवा मी गाडीत बसलो हुतो, मॅडम. पोचलो तर तिला जाऊन तिसरा दिवस."

स्टोव्ह फरफरत होता. त्यांनी कपात चहा ओतला.

"ती गेली ती माझ्यावर रुसून. मी बोललोच नव्हतो ते माझं समजून."

मी कप खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. माफीपत्र मी लिहिलंय, सहीपण मीच केलीय. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

 त्यांनी स्टोव्ह विझवला, पायात वहाणा सरकवल्या. विश्रामबागेतल्या त्या खोलीपासून प्राचार्यांच्या बंगल्यापर्यंत आम्ही चालत गेलो. फाटकापाशी ते थांबले.

"तुमचं तुमी सांगा," म्हणाले, "माझं मी सांगतो."