खपलीची तपासणी

मधुसूदनरावांनी नातीला सायकल शिकवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी दोघंही पडले. आधी रेवा पडली आणि तिला सावरायला धावलेले मधुसूदनराव तिच्या सायकलवर पडले. दक्षिणेतल्या आवडी गावच्या सरकारी क्वार्टर्समधल्या रस्त्यावर नातीचं कोपर खरचटलं आणि आजोबांचा गुडघा.

आजी तुळसीबाईंनी दोघांच्या जखमा नळाखाली साबणानं धुतल्या. अर्धा आंबा खाऊन होईपर्यंत रेवा कोपर विसरली. तिचे आजोबा मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते. कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांची तपासणी केली होती, आणि रजेवर असले तरी नजर रजेवर नव्हती.

तिसऱ्या दिवशी खपली धरली. मधुसूदनरावांनी भिंग काढलं.

"डावीकडची कड नीट बसलेली नाही," असं म्हणून ते ती नखानं बसवायला गेले. भळकन रक्त आलं.

"अहो, हात लावू नका म्हटलं होतं ना!" तुळसीबाई ओरडल्या.

"हात कुठं लावला? तपासलं."

पाचव्या दिवशी शेजारच्या राजसबाईंनी हळद लावून दिली. हळदीखालचं काही दिसेना, म्हणून मधुसूदनरावांनी ती पुसली. हळदीबरोबर खपलीही आली. आता गुडघा सुजला आणि वाकेनासा झाला.

पंचाईत वेगळीच होती. रविवारी मंदार, म्हणजे रेवाचे बाबा, तिला न्यायला नाशिकहून येणार होते. "आधाराची चाकं नाहीत, कुणी धरणार नाही, मी एकटी चालवून दाखवीन," असं तिनं फोनवर सांगून टाकलं होतं. आणि सायकल धरून पळणारा माणूस लंगडत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर विद्युलतांनी गुडघा पाहिला.

"किती वेळा खपली काढलीत, काका?"

"काढली नाही. काम कुठवर आलंय ते बघितलं."

"काम तिच्या खालीच चालतं. रक्त थांबलं की गुठळी होते, तिची खपली होते. मग कडेकडून नवी कातडी आत सरकत येते. तुम्ही दर दोन दिवसांनी छप्पर उचलताय आणि गवंडी पळून जातायत."

"मग मी करायचं काय?"

"स्वच्छ ठेवायचं आणि काहीच करायचं नाही."

एवढं अवघड काम त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुळसीबाईंनी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि समोर वर्षभराची चिंच ठेवली. "चिंचोके काढा. चिकट हातांनी गुडघ्याला हात लावलात तर मला लगेच कळेल."

चिंच निवडता निवडता मधुसूदनराव रस्त्याकडं ओरडत राहिले. "पाठ ताठ! समोर बघ! ब्रेक, ब्रेक!" पण धरायला कुणी नसल्यामुळे रेवा आपल्याच पायांनी रस्ता ढकलत पुढं जायची, डुगडुगायची, थांबायची. आजोबांचं तिला निम्मं ऐकूच येत नव्हतं. शनिवारी सकाळी तिनं पाय वर उचलले आणि ते परत खाली टेकलेच नाहीत.

मधुसूदनरावांनी चिंच उधळली आणि ते मागं धावले.

"आजोबा, धरू नका!"

"कुठं धरलंय?" त्यांचे दोन्ही चिकट हात हवेत होते. पाण्याच्या टाकीपर्यंत दोघं ओरडत गेली. राजसबाई खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या. परत येताना मधुसूदनरावांच्या लक्षात आलं की गुडघा वाकतोय.

रविवारी रेवानं बाबांना सायकल एकटीनं चालवून दाखवली आणि ती त्यांच्याबरोबर नाशिकला गेली. मंगळवारी अंघोळ झाल्यावर मधुसूदनरावांनी पाहिलं, तर खपली गेली होती. कधी, कुठं, काही पत्ता नाही. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना दोष सापडेना.

त्याच दिवशी ते कामावर रुजू झाले. दुपारी हाताखालच्या रंगा नावाच्या कामगाराचं बोट पत्र्याला किंचित कापलं. मधुसूदनरावांनी त्याला नळाशी नेलं, स्वतः पट्टी लावली आणि खपलीखाली काय काय चालतं ते वीस मिनिटं समजावलं.

"म्हणजे आता बघायचं नाही, सार?" रंगानं विचारलं.

"अजिबात नाही. ते आपापलं भरतं."

"सरी सार," रंगा त्याच्या भाषेत 'बरं, सर' म्हणाला.

रंगा चार पावलं गेला असेल नसेल, तोच मधुसूदनरावांनी हाक मारली.

"रंगा, उद्या सकाळी बोट घेऊन ये. तू बघितलं नाहीस ना, ते मी तपासतो."