टिचकीला सोडायला

"पाच मिनिटांचं काम!" मोठ्या आईंनी जाहीर केलं. "अख्ख्या घराची लग्नं, बाळंतपणं, भांडणं मी निस्तरली. एका बोटभर परीला मार्गी लावणं मला जमणार नाही?"

परी खरी नव्हे, खेळातली! दर रविवारी जावई, दाताचा डॉक्टर आणि बसचा ड्रायव्हर, घोड्याएवढी माणसं, जेवणाच्या टेबलाशी बसून राक्षस मारायची. तोंडानेच! जावई गोष्ट सांगे, बाकीचे "मी अमुक करतो" म्हणत आणि ते जमलं का बघायला फासे टाकत. टिचकी ही मोठ्या आईंच्या मुलीची परी. माशीचे पंख, गवताची पुंगी, आणि पुंगी वाजवली की बंद दारं उघडायची.

मुलगी उन्हाळ्यात गेली. आजारपणाने. टिचकी मागे राहिली. तिला निरोप दिल्याशिवाय खेळ सरकेना, आणि जावयाच्या तोंडून निरोप निघेना. तिघं नुसते चहा पीत बसायचे. चहा कोण करणार? मोठ्या आई! म्हणून आज त्या स्वतःच मुलीच्या खुर्चीत बसल्या.

"जपून बोला, आई," जावई म्हणाला. "टेबलावर बोललं ते झालं. मागे घेता येत नाही."

"मी उभ्या जन्मात बोललेलं मागे घेतलंय का?"

ते मात्र खरं होतं.

जावयाने घसा साफ केला. "अरण्य. समोर परीराणीचं दार. दारवान विचारतो, कोण आहे?"

"विचारतो कसला! दिसत नाही का त्याला?"

"ती बोटभर आहे, आई."

"मग वाकून बघ म्हणावं मेल्याला!"

डॉक्टर हसला. जावईसुद्धा, जरासा.

"दारवान म्हणतो, आत यायचं तर एकटीने यायचं."

"एकटी?" मोठ्या आईंचा आवाज चढला. "दिवा गेला तर घर डोक्यावर घेणारी पोर ती! एकटी-बिकटी काही नाही. मी येते तिला सोडायला!"

डॉक्टरने कागद-पेन्सिल पुढे ओढली.

"मावशी," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बोललं ते झालं."

झालं! मोठ्या आई अरण्यात! आता त्यांनाही खेळात घेणं आलं.

"वजन?" डॉक्टरने विचारलं.

"कमी धरा."

"हत्यार?"

"जीभ," ड्रायव्हर पुटपुटला, आणि जावयाने तेच धरलं!

"दारवान म्हणतो, आईने उंबऱ्याबाहेर थांबायचं."

मोठ्या आईंनी भांडायला तोंड उघडलं. दवाखान्यातही एक असंच दार होतं. तिथल्या नर्सशी त्या पोटभर भांडल्या होत्या. उपयोग झाला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं.

"राणीला सांग, हिला थंडी सोसत नाही. आणि झोपेत पांघरूण लाथाडते."

"सांगतो," दारवान म्हणाला. दारवानाचा आवाज चिरकला होता.

"भूक लागली तरी बोलत नाही. विचारावं लागतं."

"बरं."

"आणि तिला..."

"आई," जावई म्हणाला, "पुंगी."

मुलगी पुंगीसाठी शीळ घालायची. मोठ्या आईंनी ओठांचा चंबू केला. शीळ कुठली! बिघडलेल्या कुकरसारखी फुस्स! पुन्हा फुस्स! कोणी हसलं नाही.

"दार उघडलं," जावई घाईने म्हणाला. खरं तर फासा टाकायला हवा होता. कोणी तसं म्हणालं नाही.

"गेली का रे?"

"ते तुम्ही सांगायचं, आई."

मोठ्या आई टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"गेली," त्या म्हणाल्या.

मग ड्रायव्हरने फासा पुढे सरकवला. "मावशी, तुम्हाला घरी यायचंय अजून. टाका."

टाकला. एक आला! एकाहून वाईट काही नसतं.

"पहिल्याच पावलाला घसरलात," जावई म्हणाला. "गुडघा फुटला."

आणि उन्हाळ्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या मोठ्या आई ढसाढसा रडायला लागल्या!

"फार लागलंय हो!" त्या हुंदके देत म्हणाल्या. "गुडघ्याला!"

"कुठल्या?" डॉक्टर उठलाच. दाताचा असला म्हणून काय झालं!

"डाव्या!" म्हणत मोठ्या आईंनी उजवा पुढे केला.

जावई खाली वाकला आणि त्याच्यावरच फुंकर घालत राहिला.